पुढच्यानं वाट झाडायची

मंचर-जुन्नरकडच्या घाटात ज्यानं बैलगाडा शर्यत पाहिली आहे, त्याला कार रॅली समजावून सांगावी लागत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, शर्यत सेकंदांशी असते, आणि निवेदकाचं ‘भिर्रर्र’ संपेस्तोवर गाडा नजरेआड झालेला असतो. मी आंबेगाव तालुक्यातला, नोकरीमुळे स्टॉकहोमला आलेला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं घर तिथून बरंच उत्तरेला, उमेओजवळ. 2023 च्या फेब्रुवारीत तो म्हणाला, “घरी येतोस का? रॅली आहे.” मी रजेचा अर्ज आधी टाकला आणि ‘हो’ नंतर म्हटलं.

त्याचे वडील आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणत होतो. रॅली स्वीडनचा इतिहास त्यांच्याकडून जेवणाच्या टेबलावरच मिळाला. 1950 मध्ये ही रॅली सुरू झाली ती चक्क उन्हाळ्यात, मध्यरात्रीच्या सूर्याचं नाव घेऊन. 1965 मध्ये ती हिवाळ्यात आली, 1973 पासून जागतिक अजिंक्यपद मालिकेत. पुढची कितीतरी वर्षं ती दक्षिणेला, वर्मलँडच्या जंगलांत व्हायची. पण 1990 मध्ये बर्फच पडला नाही म्हणून रद्द करावी लागली, 2020 मध्ये बर्फाअभावी कापून छोटी केली, आणि अखेर 2022 मध्ये तिचं बिऱ्हाड उमेओला हललं. “बर्फ आमच्याकडे आहे, मग रॅली आमच्याकडे नको यायला?” काका म्हणाले. वर्मलँडवाल्यांना याचं वाईट वाटत असेल, असं मी म्हटलं. त्यांनी मला आणखी बटाटे वाढले.

आदल्या संध्याकाळी सर्व्हिस पार्कात गेलो. तिथं कठड्यापलीकडे मेकॅनिक टायर उतरवत होते. बर्फावरची गाडी म्हटल्यावर रुंद, दांडगे टायर असतील अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते इतके अरुंद की गाडीला धाकट्या भावाचे बूट घातल्यासारखे वाटावेत. कारण सोपं आहे: रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खालच्या कडक थरापर्यंत पोचतो. आणि तो थर पकडायला खिळे. एका टायरला 384. प्रत्येक खिळ्याचं टोक टंगस्टनचं, काही मिलिमीटर बाहेर आलेलं. मेकॅनिकनं टायर जमिनीवर टेकवून ढकलला तेव्हा तो घरंगळताना कडकड वाजत गेला.

शुक्रवारी सकाळी उजाडायच्या आत निघालो. गाडी लांब लावून जंगलातून चालत जायचं. वाटेत लोक घसरगाड्यांवर सरपण, थर्मास आणि पोरंबाळं लादून ओढत होते. जागेवर पोचल्यावर काकांनी फावड्यानं बर्फात बाक कोरला, त्यावर रेनडिअरचं कातडं अंथरलं आणि मला बसवलं. चारी बाजूंना शेकोट्या, त्यांवर सॉसेज. बर्चच्या धुराचा वास कपड्यांना असा चिकटला की स्टॉकहोमला परतल्यावरही स्वेटर तसाच वास मारत होता.

समोरचा रस्ता म्हणजे लाकूडतोडीसाठी काढलेली जंगलवाट. वर दाबून गोठवलेला बर्फ, दोन्ही कडांना बर्फाचे बांध. मला ते बांध धोक्याचे वाटले. काका म्हणाले, तो ड्रायव्हरचा टेकू आहे. वळणात शिरताना गाडी आडवी टाकायची, शेपूट बांधावर अलगद टेकवायची आणि त्या टेक्यानंच नाक सरळ करून घ्यायचं. बांध गोठून कडक असेल तर तो गाडीला परत रस्त्यावर ढकलतो. मऊ असेल तर गिळतो.

आधी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग मार्शलच्या शिट्ट्या. पहिली गाडी काले रोवानपेरा या फिनलंडच्या पोराची. वय 22, आदल्या वर्षी जगज्जेता झालेला, इतक्या लहान वयात तो मान आजवर कुणालाच मिळालेला नाही. झाडांमधून पिवळे दिवे चमकले, गाडी आडवीच्या आडवी वळणात आली, बांधाचा एक लचका उडाला आणि मागे उरली ती बर्फाची पांढरी भुकटी. इंजिन आणि विजेची मोटर मिळून पाचशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि आमच्या वाट्याला आले ते चार-पाच सेकंद. मी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. काकांनी घड्याळाकडे बघितलंही नाही. “त्याची वेळ आत्ता बघू नकोस,” ते म्हणाले. “तो झाडू मारतोय.”

हा या रॅलीचा खरा पेच. पहिल्या दिवशी गाड्या सुटतात त्या अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यानुसार. तक्त्यात वर असलेला सर्वांत आधी. म्हणजे रात्री पडलेला सुटा बर्फ त्यानं उडवायचा, खालचा कडक थर उघडा करायचा, आणि त्या साफ झालेल्या वाटेवरून मागच्यांनी जोरात निघून जायचं. बैलगाड्यापुढं घोडी पळते ती बैलांना जोर यावा म्हणून. इथं घोडीलाच शर्यत जिंकायचीय आणि तिच्या कष्टाचा फायदा मागचे घेतात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. पण जो पुढे आहे त्याला थोडं ओझं दिल्याशिवाय शर्यतीत रंगत राहत नाही, हेही खरं. रोवानपेरा शेवटी चौथा आला.

क्रेग ब्रीनची गाडी बऱ्याच मागून आली. आयर्लंडचा हा ड्रायव्हर त्या वर्षी निवडक रॅलींपुरताच उतरणार होता, गुण खात्यावर नव्हते, त्यामुळे त्याला वाट झाडलेली मिळाली. पण वाट चांगली मिळणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं. आमच्या वळणावर बाकीच्यांनी बांधाचे लचके तोडले होते, त्यानं शेपूट नुसतं टेकवलं. त्या दिवसाची आघाडी त्यानं घेतली. रविवारी ओट टॅनाकनं ती रॅली जिंकली आणि ब्रीन दुसरा आला. ती त्याची शेवटची जागतिक रॅली ठरली. एप्रिलमध्ये क्रोएशियात सराव करताना अपघातात तो गेला. बातमी वाचून मी त्याच वळणाचा मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हापुन्हा लावला. त्यात माझाच हात हललेला आहे, गाडी अर्धीच दिसते.

मोठ्या गाड्या संपल्यावर बरेच लोक निघून जातात. काका हलले नाहीत आणि ते बरंच झालं. खालच्या गटातली एक गाडी बांधाच्या मऊ भागात शिरली ती बॉनेटपर्यंत. मार्शलनं शिट्टी मारून हात केला, तशी वीस-पंचवीस माणसं कमरेएवढ्या बर्फातून धावली, त्यात मीही. सहचालकानं आतून फावडं काढलं आणि आधी चाकांकडे नाही, तर नाकाकडे धावला. रेडिएटरसमोरच्या जाळीत बर्फ ठासून बसला होता. तो तसाच राहिला तर हवा मिळत नाही आणि उणे तापमानात इंजिन तापून बसतं. तो हातमोज्यांनी बर्फ ओरबाडत होता, आम्ही दाराच्या चौकटीला खांदे लावले होते. गाडी सुटली तेव्हा खिळ्यांनी उडवलेला बर्फ-खडीचा फवारा माझ्या जाकिटावर सडकन बसला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आम्ही आरडाओरडा केला.

दुपारी त्याच वाटेवरून दुसरी फेरी. आता रस्ता ओळखू येईना. गाड्यांच्या चाकोरीत बर्फ कापला जाऊन खालची तपकिरी खडी डोकावत होती. खडीवर खिळे टिकत नाहीत, उपटून जातात. सकाळी ज्या टायरांनी वळणं कापली तेच टायर शेवटच्या किलोमीटरांत बोडके होऊन घसरू लागतात. काकांनी रस्त्याकडेच्या बर्फातून एक खिळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेरापेक्षाही छोटा. टोकाला बोट लावलं तर अजून बोचत होता.

अंधार पडल्यावर परत निघालो. दोन टप्प्यांमधलं अंतर रॅलीच्या गाड्यांना साध्या सार्वजनिक रस्त्यानंच कापावं लागतं, नंबरप्लेट लावून, वाहतुकीचे सगळे नियम पाळून. उमेओच्या वेशीवर आमच्यापुढे एक तशीच गाडी लागली. मागचा बंपर अर्धा गायब, नाकात बर्फ कोंबलेला, दार चिखलानं माखलेलं. लाल सिग्नलला ती निमूट थांबली. आतले दोघं हेल्मेट काढून केळी खात होते. सिग्नल हिरवा झाला तरी ड्रायव्हर घड्याळ बघत सावकाश निघाला, वेळेआधी पोचला तरी दंड होतो म्हणून. काकांनी इंडिकेटर दिला, आपली जुनी व्हॉल्वो बाजूला काढली आणि त्या गाडीला सहज मागे टाकलं.