पुतण्याची मोटार

एचएसआर लेआउट हे नाव ज्या कोणी ठेवले असेल, त्याला काव्याचे वावडे असले पाहिजे. होसूर-सर्जापूर रोड लेआउट, एवढाच त्या तीन अक्षरांचा अर्थ. वस्तीला देवाचे नाव नाही, राजाचे नाही, पुढाऱ्याचे तर नाहीच. दोन रस्त्यांची नावे जोडून काम भागवलेले. आता ज्या वस्तीचे नावच मुळी रस्त्यांवरून पडले, तेथे रस्ता मोकळा सापडावा अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु वाचकांपैकी ज्यांची बदली बंगळूरला झाली असेल त्यांनी सायंकाळी सहानंतर येथील सत्ताविसाव्या मेन रस्त्यावर उभे राहून पाहावे. उभे राहून अशासाठी म्हणतो की, त्या वेळी तेथे मोटारींनाही दुसरे काही करता येत नाही. पलीकडे सिल्क बोर्डाचा चौक. तेथला दुमजली उड्डाणपूल २०२४ साली खुला झाला, मेट्रोची पिवळी मार्गिका २०२५ च्या ऑगस्टमध्ये धावू लागली; तरीही 'सिल्क बोर्ड' हे दोन शब्द कानी पडले की बंगळूरचा माणूस आधी घड्याळाकडे पाहतो.

अशा ठिकाणी राहून आमच्या पुतण्याला वेगवान मोटार घ्यावीशी वाटली.

मुलगा गुणी आहे. संगणकाच्या कचेरीत नोकरी करतो, आमच्याच घरी राहतो, आणि महिन्याच्या महिन्याला सांगलीस पैसे पाठवतो. त्याने आपल्या वडिलांना, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंना, मोटारीचा मनसुबा कळवला. दादांनी त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्यांनी आम्हांला फोन केला व म्हणाले, "तू तिथे आहेस. तू बघ. तू हो म्हणालास तर माझी हरकत नाही." या वाक्यात किती ओझे असते, हे ज्याने आयुष्यभर फायलींवर शेरे मारले आहेत त्यालाच कळेल. 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' हा आमचा जन्माचा आधार येथे कामी येण्यासारखा नव्हता. सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंमागे वेगमर्यादेचे उल्लंघन हे कारण नोंदलेले आहे. दादांनी हा आकडा वाचलेला नसावा. पण फोनवर ते जे मध्येच थांबले, त्या थांबण्यात तो होता.

ज्या जातीच्या मोटारीवर पुतण्याचे मन बसले होते, तिला 'हॉट हॅचबॅक' म्हणतात. मागे उघडणारे दार असलेली छोटी, घरगुती, भाजी आणायला न्यावी अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात आडदांड इंजिन बसवायचे, असा हा प्रकार. घरातल्या शांत मुलाने एके दिवशी लंगोट कसून आखाड्यात उतरावे, तशातली ही गोष्ट. फोक्सवॅगन कंपनीने १९७६ साली आपल्या साध्या गोल्फ गाडीत एकशे दहा अश्वशक्तीचे इंजिन घालून तिला जीटीआय ही अक्षरे लावली. पुढे १९८४ साली फ्रान्सच्या प्युजोने २०५ जीटीआय आणली, आणि या दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद युरोपात सुरू झाला. तो आजही मिटलेला नाही, व मिटू नये अशीच वाद घालणाऱ्यांची इच्छा दिसते.

आपल्याकडे या कुळाची पहिली खरी गाडी म्हणून पुष्कळ लोक फियाट पॅलिओकडे बोट दाखवतात. २००१ साली ती आली, तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्ती होती आणि जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर होता. ती बनत असे मुंबईच्या कुर्ल्यात, जेथे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीने पूर्वी पद्मिनी बनवली होती. पुढच्या दोन नामांकित गाड्याही मराठी मुलखातच जन्मल्या. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय चाकणची आणि २०१५ ची अबार्थ पुंटो रांजणगावची. आम्ही परमुलखात बदलीवर आलेली माणसे. येथल्या रस्त्यावर आपल्याकडची वस्तू दिसली की उगीचच तिच्याकडे दोनदा पाहतो. मोटारीच्या बाबतीत हा पक्षपात धोक्याचा आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

येथे सरकारी नोकरीतल्या वाचकांना एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या गाड्यांचे इंजिन केवढे असावे हे आपल्या देशात अभियंता ठरवत नाही. महसूल खाते ठरवते. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्के करण्यात आले. त्या एका ओळीने पुढच्या वीस वर्षांतील मोटारींचे अंगकाठीचे माप कातरले. पोलो जीटीचे इंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे. टाटांच्या अल्ट्रॉझ रेसरचे ११९९. याहून रेषेला चिकटून बसणे शक्य नाही. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनचे तर ९९८. ताकद हवी, पण आकार वाढवायचा नाही. म्हणून प्रत्येकाने टर्बोचा आश्रय केला, म्हणजे इंजिनातून बाहेर जाणाऱ्या वायूच्याच जोरावर पंखा फिरवून आत अधिक हवा कोंबायची. अबार्थने मात्र १३६८ घनसेंटिमीटरचे इंजिन ठेवले, वरचा कर सोसला आणि एकशे पंचेचाळीस अश्वशक्ती मिळवल्या. तिचे चाहते तिला शूर म्हणतात. हिशेबनीस काय म्हणतील ते सांगण्याची गरज नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून तर रेषेच्या अलीकडे अठरा टक्के व पलीकडे चाळीस टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्या पलीकडच्या प्रदेशात गोल्फ जीटीआय राहते. ती २०२५ साली आयात होऊन आली, पहिल्या खेपेस अवघ्या दीडशे. ताकद दोनशे पासष्ट अश्वशक्ती, शून्यापासून शंभरापर्यंत पोचायला ५.९ सेकंद, आणि किंमत त्या वेळी सुमारे त्रेपन्न लाख होती. ही किंमत आम्ही सांगलीस कळवलीच नाही.

उरलेल्या चौघींचे मालक पुतण्याच्या ओळखीतले निघाले. एका रविवारी ही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन मद्रासजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या शर्यतीच्या ट्रॅकवर निघाली होती, आणि परीक्षक म्हणून आम्हांलाही न्यायचे ठरले. सौ. म्हणाल्या, "अहो, या वयात?" आम्ही म्हटले की चौकशी समितीला वयाची अट नसते.

पहाटे चारला निघालो. त्या वेळी एचएसआर लेआउट अक्षरशः सुंदर दिसतो. आगर तळ्यावरून थंड वारा येत होता, सिग्नल रिकाम्या चौकात उगाच रंग बदलत होते, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा लांबलचक उड्डाणपूल पुढे कोणी नसल्यामुळे प्रथमच पुलासारखा वाटला. पुढे होसूर, कृष्णगिरी, अंबूर, वेल्लूर. तीनशे किलोमीटरांच्या आसपास रस्ता. आम्ही आळीपाळीने चारही गाड्यांत बसलो.

महामार्गावर पोलो पहिली, याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही. एकशे पाच अश्वशक्ती म्हणजे आजच्या मानाने फार नव्हेत. परंतु तिचा सात गिअरांचा स्वयंचलित संच इतक्या सफाईने गिअर बदलतो की, मुरलेल्या हेडक्लार्कने साहेबांपुढे कागद सरकवावेत. दार लावल्यावर जो घट्ट आवाज होतो तो दादांना आवडला असता. मात्र तिच्या पेटीतले क्लच कोरडे असतात, आणि रांगेत इंचाइंचाने सरकताना असे क्लच तापतात. म्हणजे तिचे खरे वैर सिल्क बोर्डाशीच. शिवाय २०२२ पासून पोलो येथे बनत नाही. आय-ट्वेंटी एन लाइन गावात सर्वांत सुखाची, हाताला हलकी, एकशे वीस अश्वशक्तीची. अल्ट्रॉझ रेसरचीही ताकद तितकीच, पण सहा गिअर हाताने टाकायचे, आसने ऐसपैस, आणि खड्ड्यांतून जाताना तिने आमच्या पाठीची जी विचारपूस केली ती इतर तिघींनी केली नाही.

आणि अबार्थ. दोन-अडीच हजार फेऱ्यांपर्यंत ती आळसावलेली असते. त्यानंतर टर्बो जागा होतो आणि पाठीत कोणी गुडघा रोवावा तसे होते. तिचे स्टीअरिंग जुन्या पद्धतीचे, तेलाच्या दाबावर चालणारे. रस्त्याचा बारीकसारीक खडबडीतपणा हातापर्यंत पोचवणारे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे शंभराचा वेग ८.८ सेकंदांत, पोलोला ९.७ लागतात. पुतण्या तिच्यातून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहून आम्ही मनाशी म्हटले, आता अहवाल लिहिण्याला अर्थ उरला नाही.

ट्रॅक म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटरांचा वळणावळणांचा बंदिस्त रस्ता. तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने १९९० साली सुरू केला. त्यापूर्वी शर्यती शोलावरमच्या लष्करी धावपट्टीवर होत. ह्युंदाईचा कारखाना येथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा आय-ट्वेंटी माहेरी आली होती असेच म्हणावयाचे. समोरून कोणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही, वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो, आणि हेल्मेटवाचून आत सोडत नाहीत. या चारही गाड्यांत पुढचीच चाके गाडी ओढतात आणि पुढचीच वळवतात. एका माणसाकडे दोन टेबलांचे काम दिले म्हणजे जे होते तेच येथे होते: वळणात वेग जास्त झाला की चाके वळण्याचे काम सोडून देतात आणि गाडीचे नाक सरळ बाहेर जाऊ लागते. त्या क्षणी घाबरून ब्रेक दाबायचा नाही, पाय हलका करायचा, हे शिकवणाऱ्याने चार-चारदा सांगितले. मागच्या चाकांना अबार्थ व आय-ट्वेंटीला डिस्क ब्रेक आहेत, पोलो व अल्ट्रॉझला ड्रम. हा भेद कागदावर मोठा वाटतो.

तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पुतण्या लवकर आत आला. कोणत्या गाडीत होता ते सांगत नाही, कारण चौघींपैकी कोणतीही असती तरी तेच घडले असते. चाकांपाशी जळका वास येत होता. तो हेल्मेट काढून बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, ब्रेकचं पेडल मऊ झालं. दाबलं, पण गाडी थांबेना. वळणाबाहेर मातीत गेलो." घरगुती गाडीचे ब्रेक दिवसातून दोन-चारदा जोरात दाबण्यासाठी केलेले असतात; लागोपाठ दहा वळणांवर दाबले की उष्णता साठते, ब्रेकचे तेल उकळू लागते आणि पायाखाली बुडबुडे उरतात. हे आम्हांला त्याच्या शिक्षकाने समजावले. पुतण्याला ते आधीच ठाऊक होते. वाचून ठाऊक होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे मातीऐवजी कृष्णगिरीच्या घाटात झालं असतं तर?" आम्ही उत्तर दिले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

परतीच्या वाटेवर तो शंभराच्या आत होता. एका दिवसाच्या पुराव्यावर अनुमान काढू नये, हे चौकशीच्या कामात आम्ही शिकलो आहोत. म्हणून त्याची फक्त नोंद केली. मन मात्र बरेच हलके झाले होते, हेही खरे.

घरी आल्यावर पुतण्याने अबार्थचाच आग्रह धरला. पुण्यात एक विकाऊ होती. तेव्हा आम्ही आमच्या अधिकारातले शस्त्र काढले. पुणे पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर पुण्याच्या आरटीओची एनओसी, येथे नवी नोंदणी, येथला आजीवन कर, आणि मग तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळवण्याची तीर्थयात्रा. बदल्यांच्या नोकरीत ज्यांनी ही यात्रा केली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. अशा लोकांसाठी २०२१ साली भारत मालिका निघाली, ती उगीच नव्हे. त्यात फियाटने येथला कारभार आटोपता घेतलेला; सुटे भाग शोधत फिरण्यात तारुण्य जायचे. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही गाडीबद्दल बोलतच नाही आहात." ते खरे होते. मग आम्ही गाडीबद्दल बोललो: ट्रॅकसाठी अबार्थच, यात आमचे दुमत नव्हते, पण तो ट्रॅकवर वर्षातून दोनदा जाणार आणि उरलेले दिवस सत्ताविसाव्या मेनवर.

दादांना आम्ही पत्रच लिहिले; अशा गोष्टी फोनवर बोलू नयेत. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचण्यांत पोलोला २०१४ साली चार तारे, अल्ट्रॉझला २०२० साली पाच, आय-ट्वेंटीला २०२२ साली तीन, एवढे त्यात होते. अल्ट्रॉझ रेसरला सहा एअरबॅगा आहेत, ती पिंपरीची आहे, आणि २०२४ साली नारायण कार्तिकेयन यांनी कोइमतूरजवळच्या ट्रॅकवर ती फिरवून हॅचबॅकांतील वेगवान फेरीची नोंद केली, हेही लिहिले. शेवटचे वाक्य खरे तर पुतण्यासाठी होते.

येथल्याच पासिंगची, वर्षभर वापरलेली अल्ट्रॉझ रेसर मिळाली. वाचलेल्या पैशांतून त्याने आधी हेल्मेट घेतले, मग ब्रेकचे चांगले तेल आणि पॅड. अबार्थवाल्या मित्राकडे तो अजून अधूनमधून जाऊन येतो. कशाला ते आम्ही विचारत नाही.

दादांचे उत्तर आठ दिवसांनी आले. ताऱ्यांबद्दल, ब्रेकबद्दल, कार्तिकेयनबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. "ठीक आहे. ॲव्हरेज किती देते?" एवढेच होते. आम्ही तो प्रश्न पुढील कार्यवाहीसाठी पुतण्याकडे वर्ग केला.