नादाला लगाम

काँप्रेसर हा शब्द उच्चारला की आपल्याकडील बहुतेक गृहस्थांच्या डोळ्यांपुढे फ्रीजच्या पाठीमागे घुरघुरणारा काळा गोळा उभा राहतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत आम्ही ‘गिटारच्या काँप्रेसरचे सामान’ मागितले, तेव्हा एका तरुण विक्रेत्याने आम्हांस मोठ्या अदबीने शीतयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानाची वाट दाखविली. त्यात त्याचा दोष नाही. वाद्याचा आवाज वाढविणारी यंत्रे सर्वांस ठाऊक असतात; आवाजाला आवर घालणारे यंत्र, आणि तेही आवर घातल्याचे कोणास कळू न देणारे, हे ठाऊक असण्याचे कारणच नाही. ते चांगले चालले म्हणजे त्याचे अस्तित्व ध्यानात येत नाही, आणि वाईट चालले म्हणजे वादकास दोष दिला जातो.

आम्ही या भानगडीत पडलो ते हौसेने नव्हे. आमचे धाकटे बंधू तीस वर्षे निरनिराळ्या वाद्यवृंदांतून गिटार वाजवीत होते. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. वाचा शाबूत राहिली, चालणे सुधारले, डाव्या हातास तर काहीच झाले नव्हते. परंतु तार छेडणारा उजवा हात परत आला तो लहरी होऊन. सात आघात ठाकठीक पडत, आठवा तारेवरून नुसता घासून जाई, आणि नववा असा आदळे की शेजारच्या खोलीतील माणूस दचकावा. डॉक्टरांच्या मते गिटार वाजविणे हाच त्या हातास उत्तम व्यायाम होता. बंधूंना मात्र स्वतःचे वाजविणे ऐकवत नसे. म्हणून गिटार पेटीत गेली आणि व्यायामही तिच्याबरोबर पेटीत गेला.

लहानमोठे आघात एका पातळीवर आणणारे यंत्र आहे, तेवढे करून देतो, असे आम्ही सुचविले तेव्हा ते म्हणाले, “दादा, मला कुबडी नको. जो हात माझा राहिला नाही, तो माझा म्हणून कुणाला ऐकवू?” आम्हांस उत्तर सुचले नाही. वस्तुतः आज रेडिओवर व ध्वनिमुद्रणांत जे गाणे आपण ऐकतो, त्यातील बहुतेक अशा एखाद्या लगामातून गेलेले असते व त्याबद्दल कोणी गवयाला लबाड म्हणत नाही. परंतु हा युक्तिवाद आजारातून उठलेल्या माणसापुढे करण्यात अर्थ नव्हता. आम्ही मुकाट्याने सामान आणावयास गेलो.

या यंत्राचे तत्त्व बाजारात विजेची गिटार येण्यापूर्वीचे आहे. जवळचे स्टेशन कानठळ्या बसवी आणि दूरचे मधेच विरून जाई, ही जुन्या रेडिओची व्यथा होती. तिच्यावर अमेरिकेत हॅरल्ड व्हीलर यांनी १९२५ साली तोड काढली. येणारा संदेश किती जोराचा आहे हे यंत्रानेच मोजावे आणि त्या मानाने आपली वर्धनशक्ती आपणच कमीजास्त करावी, अशी ती तोड. पुढे १९७० नंतरच्या दशकात हीच कल्पना गिटारवादकांसाठी लहानलहान डब्यांतून विकली जाऊ लागली. त्यांपैकी डॅन आर्मस्ट्राँग यांच्या नावाने निघालेली ‘ऑरेंज स्क्वीझर’ ही नारिंगी डबी आम्ही नकलेसाठी निवडली. हे आर्मस्ट्राँग म्हणजे १९६९ साली अँपेग कंपनीसाठी काचेसारख्या पारदर्शक अंगाची गिटार योजणारे गृहस्थ. त्यांची डबी पायाखाली ठेवावयाची नसून सरळ गिटारच्या छिद्रात खोचावयाची असे. आम्ही ती पायाने दाबावयाच्या पेडलच्या रूपात बांधली, कारण बंधूंना खाली वाकणे जड जाते. मूळ डबीवर वादकाने फिरवावे असे एकही बटण नव्हते, चालू-बंद करण्याचा खटका तेवढा होता. आम्हांस ही गोष्ट फार आवडली. ज्या यंत्रावर बटणे थोडी, त्याच्या कर्त्याने स्वतः विचार पुष्कळ केलेला असतो, असा आमचा समज आहे.

आतील व्यवहार मळ्यात दारे धरणाऱ्या गड्यासारखा आहे. गिटारचा संदेश पाटाच्या पाण्यासारखा पुढे वर्धकाकडे जात असतो, आणि वाटेत त्याला एक बाजूची फट ठेवलेली असते. वर्धकातून निघालेला आवाज फार मोठा झाला की त्यातील थोडा अंश एका जर्मेनियम डायोडमधून ४.७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठतो. तो साठा चढला की बाजूचे दार उघडते आणि जादा पाणी जमिनीत जिरते. तार शांत होऊ लागली म्हणजे तोच साठा २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे एका सेकंदात ओसरतो व दार पुन्हा मिटते. म्हणून मोठा आघात दबतो आणि विरत जाणारा स्वर वर उचलला जाऊन लांबतो. एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साठा भरावयास क्षणाचा काही सहस्रांश लागतोच, आणि तेवढ्या अवधीत तारेवरचा पहिला ठोका दाराजवळून निसटून जसाच्या तसा पुढे जातो. वादकाची नखे, त्याची लकब, त्याचा तडफदारपणा किंवा आळस, सारे त्या पहिल्या ठोक्यात असते.

हे दार म्हणजे जे-फेट नावाचा तीन पायांचा चिमुकला ट्रान्झिस्टर, आणि सगळा खटाटोप त्याच्यापाशी आहे. एकाच नावाचे, एकाच पुडीतील दोन जे-फेट सारखे निघत नाहीत. मूळ डबीतील २ एन ५४५७ या जातीचे दार पूर्ण मिटावयास अर्ध्या व्होल्टपासून सहा व्होल्टपर्यंत काहीही लागू शकते, असे तिच्या कोष्टकातच छापलेले असते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला बी एफ डब्ल्यू १० सहज मिळतो, पण त्याला आठ व्होल्टपर्यंत लागू शकतात, आणि आमची बॅटरी अवघी नऊ व्होल्टची! म्हणून २ एन ५४५७ चेच दहा नग घेतले. एकेकाचे गेट जमिनीस, ड्रेन बॅटरीच्या धन टोकास आणि सोर्स मोठ्या रेझिस्टरमधून जमिनीस जोडून मल्टिमीटरवर आकडे टिपले. सर्वांत कमी ०.८ आणि सर्वांत अधिक २.३ व्होल्ट भरले. दहा भावंडांत एवढा फरक! आम्ही मधला, १.४ चा घेतला. राळेच्या वासात दोन संध्याकाळ डाख देण्यात गेल्या. त्यांचे वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही.

दार मुळात किती घट्ट लावून ठेवावयाचे हे ठरविणाऱ्या विद्युद्दाबास बायस म्हणतात. मूळ डबीच्या पुढच्या नकलाकारांनी त्यासाठी आत प्रीसेट बसविण्याची चाल पाडली, आणि आम्हीही तिला अनुसरलो. बायस फार कमी ठेवला तर दार कायम उघडे राहून आवाजच नाहीसा होतो. फार वाढविला तर ते कधी उघडतच नाही आणि यंत्र नुसता वर्धक होऊन बसते. या दोहोंच्या मधली जागा स्क्रूड्रायव्हरच्या अगदी लहानशा वळणात असते. मीटर तेथवर पोहोचवितो. पुढचे कानाने करावे लागते, आणि आमच्या घरात तसा कान एकाचाच होता.

बंधू बसले, ते आमच्यावर उपकार म्हणून. प्रथम आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे लगाम चांगला आवळला. परिणाम थक्क करणारा होता. सातवा, आठवा, नववा, सर्व आघात इस्त्री केल्यासारखे सारखे. स्वरांमधल्या विरामात पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर हळूच फुगून येई, तेवढेच काय ते उणे. आमची वहिनी स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली. बंधूंनी चार ओळी वाजविल्या आणि गिटार मांडीवर आडवी केली. “छान आहे,” ते म्हणाले, “पण हे कुणीही वाजवील.”

मग त्यांनी आमच्या हातातील स्क्रूड्रायव्हर घेतला. उजव्या हाताने धरवेना, म्हणून डाव्याने, आणि प्रीसेट केसभर मागे फिरविला. पुन्हा वाजविले, आणखी केसभर. असे दीड तास चालले. शेवटी ज्या जागी ते थांबले तेथे नववा आघात दचकवीत नव्हता, आठवा ऐकू येत होता, पण तो आठवा आहे हे लपत नव्हते. आम्ही आणखी थोडे आवळण्याविषयी सुचविले. “नको,” ते म्हणाले, “कुठला आघात चुकला ते मला कळले पाहिजे. नाहीतर हात सुधारायचा कसा?”

प्रीसेट जागेवरून हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडण्याची कारागिरांत रीत आहे. वहिनींची बाटली आम्ही मागून ठेवली होती. ती तशीच परत गेली. बंधूंच्या आग्रहावरून आम्ही डबीच्या झाकणास प्रीसेटच्या नेमक्या डोक्यावर एक छिद्र पाडले. स्क्रूड्रायव्हर आता गिटारच्या पेटीत, जादा तारांच्या पुडीशेजारी असतो. सकाळी चहानंतर पाऊण तास दार लोटून वाजविणे चालते. गेल्या चार महिन्यांत त्यांनी तो प्रीसेट दोनदा फिरविला आहे. कोणत्या बाजूस, हे आम्ही विचारलेले नाही.