जीर्णोद्धार

घरातले जुने घड्याळ बंद पडले तर ते भिंतीवर तसेच टांगून ठेवता येते. जुनी पैठणी विरली तर ती ट्रंकेच्या तळाशी घालता येते. मोटारीचे तसे नाही. ती बंद पडली तरी जागा अडविते, दरवर्षी विम्याचे पैसे मागते, आणि जाणारा-येणारा प्रत्येक मनुष्य तिच्याविषयी सल्ला देतो. अशी एक मोटार आमच्या पदरी आहे. ती विकावी की तिचा जीर्णोद्धार करावा, या एका प्रश्नाने गेले वर्षभर आमची झोप उडविली होती.

ही फियाट ११००, डिलाइट या नावाची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. नाव नोंदवून सात वर्षे वाट पाहिल्यावर १९६८ साली ती आमच्या तीर्थरूपांच्या हाती पडली. एंजिन १०८९ सीसीचे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या चाकाशेजारी. हिच्या वडील बहिणीला लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. धाकटी पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईत टॅक्सी म्हणून आयुष्यभर राबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशीचे वर्तमानपत्र आमच्या कन्येने आमच्यापुढे ठेवले व ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही आता तरी विचार करा."

विचार करण्याजोगे गाडीत पुष्कळ होते. तिने आम्हांस जितके नेले, तितकेच वाटेत उभेही केले आहे. पावसाळ्यात तिचे पॉइंट दमट होत, थंडीत ती चोक ओढल्याशिवाय डोळा उघडीत नसे. परंतु तिचा खरा पराक्रम उन्हाळ्यात दिसे. दर मे महिन्यात आम्ही पुण्याहून वाईस आजोळी व तेथून पाचगणीस जात असू. पसरणी घाटाच्या मध्यावर गाडी दोन आचके देई आणि थांबे. एंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप घडविलेला असतो द्रव ओढण्यासाठी, त्याला वाफ ओढवत नाही, आणि एंजिन उपाशी मरते. हे शास्त्र आम्हांस तीर्थरूपांनी त्याच घाटात, कठड्यावर बसवून शिकविले. शिकवीत असता ते आपला पंचा भिजवून पेट्रोलपंपावर गुंडाळीत. पाणी अर्थातच आमच्या पिण्याच्या तांब्यातले असे. अर्धा तास गेला, पंचा वाळला, की गाडी काहीच झाले नाही अशा थाटात सुरू होई. त्यांस या प्रकाराचा कधी संताप आल्याचे आम्हांस स्मरत नाही. उलट गाडी न थांबता घाट चढली, तर ते काहीसे हिरमुसलेले दिसत, असा आमचा आपला संशय आहे.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला नसता, तर गाडी आणखी दहा वर्षे गवसणीखाली राहिली असती. नव्या इमारतीत घरटी एकच जागा मिळणार, आणि ती कन्येच्या गाडीने आधीच व्यापिलेली. तेव्हा निर्णय करणे भागच पडले. दोन गृहस्थ येऊन गेले. पहिले चित्रपटवाल्यांस जुन्या मोटारी भाड्याने देणारे. त्यांनी दोन लाख देऊ केले. दुसरे जीर्णोद्धाराचे काम करणारे. त्यांनी साडेसहा लाख मागितले. गाडी देऊन मिळणारे कमी आणि ठेवून जाणारे अधिक, हे गणित चौथीतल्या मुलासही सुटले असते.

या दुसऱ्या गृहस्थांनी एक नवीनच वाट दाखविली. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. मान मोठा खरा. परंतु अशी गाडी प्रदर्शनास न्यावी, शर्यतीच्या मिरवणुकीस न्यावी. तिच्यातून रोजच्या कामासाठी हिंडण्याची मुभा नाही. म्हणजे देव मखरात बसला, आता त्याने गावात फिरू नये! साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे, तर त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलेले. पर्यावरण कर निराळा.

तथापि आमचे मन अडले ते पैशापाशी नव्हे. ते गृहस्थ गाडीभोवती फिरले, डाव्या मडगार्डावरच्या पोच्यावर त्यांनी बोट ठेवले आणि आश्वासन दिले, "कारखान्यातून निघाली तशी करून देतो." तो पोचा आम्ही वयाच्या सतराव्या वर्षी, फाटकाच्या खांबावर पाडलेला. मागच्या बैठकीची शिवण आमच्या मातोश्रींच्या हातची. कारखान्यातून निघालेली गाडी आमच्या घरी जेमतेम आठवडाभर होती. त्यानंतर जी राहिली ती ही, पोच्याची. साडेसहा लाख देऊन आम्ही परत आणणार होतो ते ज्या गाडीशी आमची धड ओळखही नव्हती, तिला.

नाना पेठेतल्या आमच्या उस्तादांस विचारले. त्यांचे वय सत्तरीपुढचे. त्यांनी बॉनेट उघडून पेट्रोलची नळी बोटांनी दाबली. ती चिकट लागली. "साहेब, पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर खातं ते, पाणीही ओढतं. नळ्या, पंपाचा पडदा, सगळं बदलावं लागेल. टाकी सोडवून धुवावी लागेल." मग हात पुसत ते म्हणाले, "मी आहे तोवर चालेल. माझ्या पोरानं कार्बुरेटर उघडून पाहिलेला नाही." उसाच्या मळीने महाराष्ट्रात अनेकांचे भले केले असेल, आमच्या फियाटीस मात्र ती पचली नाही.

अखेर मातोश्रींस विचारले. वय नव्वदीच्या घरात, दृष्टी मंद, जीभ शाबूत. आम्हांस वाटले होते की त्या डोळ्यांस पदर लावतील. त्या म्हणाल्या, "विकून टाक. तुझ्या वडिलांना ती आवडायची, मला नाही. घाटात उन्हात दोन पोरं घेऊन मी उभी राहिले आहे. ते मजेत पंचा भिजवीत असत." आम्ही निरुत्तर झालो. पन्नास वर्षे जिला आम्ही घराची आठवण समजत होतो, ती एकट्या तीर्थरूपांची होती. मातोश्रींजवळची निराळीच निघाली, आणि ती आम्ही कधी विचारलीही नव्हती.

दोन लाखवाल्या गृहस्थांस होकार कळविण्यासाठी आम्ही फोन हाती घेतला. तेवढ्यात आतून आवाज आला, "विकण्याआधी एकदा वाईला ने मला. तिच्यातूनच ने."

वाईस न्यावयाचे तर गाडी चालली पाहिजे. उस्तादांनी नळ्या बदलल्या, पडदा बदलला, टाकी धुतली, ब्रेकचे काम केले. रंगास हात लावू नये असे आम्ही बजाविले. एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजार. एवढा खर्च केल्यावर गाडी लगेच विकणे व्यवहाराचे नाही, असे आम्ही कन्येस समजावून सांगितले. तिने आमच्याकडे कसे पाहिले ते येथे लिहीत नाही. नव्या इमारतीजवळ एक भाड्याची जागा मिळते आहे. नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे. उस्तादांच्या चिरंजीवांस दर रविवारी गाडीपाशी बोलाविले आहे, आणि तो दोनदा आलाही.

वाईस जाण्याचा दिवस उजाडला तेव्हा मातोश्री मागच्या बैठकीवर, आपल्याच शिवणीवर, भरलेला तांब्या मांडीवर धरून बसल्या. नात म्हणाली, "आजी, तहान लागली, एक घोट दे ना." त्यांनी तांब्यावर हात झाकला, आणि पसरणी घाट चढून होईपर्यंत कोणासही पाणी मिळाले नाही.