गाडीचा हीटर आणि आंबोलीचा घाट

वेंगुर्ल्यात गाडीला हीटर कशाला हवा? बाराही महिने घाम पुसणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आमच्या सोळा वर्षांच्या गाडीत गोडसर वास येऊ लागला, डाव्या सीटपुढची मॅट ओली राहू लागली, समोरच्या काचेवर आतून चिकट थर बसू लागला. मेकॅनिक म्हणाला, "भाभी, हीटर कोअर गळतोय. त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकू. इथं हीटर लावतं कोण?"

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत सोडतो. तो बदलायला आमच्या गाडीचा डॅशबोर्डच उतरवावा लागणार होता. वस्तूपेक्षा मजुरी जास्त.

मोठे दीर म्हणाले, "एवढ्यात मुलांची फी भरून होईल." त्यांचंही खरं होतं. पण सासूबाईंना दर महिन्याला बेळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि वाट आंबोली घाटाची. पावसाळ्यात तिथं ढगच रस्त्यावर उतरतात. गाडीतल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड काचेवर धरते. फडक्यानं पुसली तरी पुन्हा येते. काचेवर गरम हवा सोडली की ती विरते. शिवाय चढावर इंजिन तापू लागलं, तर हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता कमी करता येते.

अम्मी सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "इस्राफ वेगळा, गरज वेगळी. गाडीत बसलेला प्रत्येक जीव चालवणाऱ्याकडे अमानत असतो." विषय तिथंच मिटला.

नवा कोअर बसवण्याआधी मेकॅनिकनं रेडिएटर आणि पाइप धुऊन काढले, तेव्हा गंजाचं तांबडं पाणी निघालं. साध्या पाण्यातले क्षार आतून धातू खातात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं मचूळ पाणी तर अधिकच. म्हणून आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरतो.

मुलं असलेल्या घरांनी एक लक्षात ठेवावं: कूलंट चवीला गोड, पण विषारी असतं. अंगणात सांडलं तर लगेच पुसून जागा भरपूर पाण्यानं धुवावी आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. मांजरंही ते चाटतात.

जुलैत घाट चढलो तेव्हा बाहेर धुकं दाट होतं, पण काच स्वच्छ होती. अम्मींची तस्बीह चालू होती. आंबोलीचा धबधबा मुलांच्या आधी त्यांनाच दिसला.