आत्याचे ग्रहण

आम्ही ख्रिस्ती माणसे. आमच्या घरात पंचांग नसते, राहू-केतूंची नावेही आम्हांला शाळेच्या पुस्तकातूनच ठाऊक झालेली. तरीही वसईच्या आमच्या वाडीत एखादी सून गरोदर असली की ग्रहण केव्हा आहे ही वार्ता सर्वांआधी त्या घरी पोहोचते. कोण पोहोचवते हे कधी कळत नाही. त्या रात्री तिने विळी हातात धरू नये, शिवणाचे काम करू नये, खिडकीशी उभे राहू नये, हे सांगणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सेला पहिल्या बाकावर असतात. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. त्यांतली एक माझी सख्खी आत्या आहे.

आत्याचा थोरला मुलगा १९७१ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या आठवड्यात जन्मला. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता. सुईणीने बाळ हातात दिले तेव्हा आत्या बावीस वर्षांची होती. बाळाकडे पाहून तिच्या सासूने पहिले वाक्य उच्चारले ते असे, की हिने ग्रहणात केळीची पाने कापली. ते खरेही होते. त्या वर्षीच्या ६ ऑगस्टच्या मध्यरात्री खग्रास चंद्रग्रहण झाले होते. रात्री साडेअकराच्या जरा आधीपासून तीनपर्यंत चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत होता, आणि नेमक्या त्याच वेळी आत्या कंदिलाच्या उजेडात पाने कापून त्यांचे भारे बांधत होती. पहाटेच्या गाडीने माल दादरला न्यायचा तर मध्यरात्रीच उठावे लागे. ग्रहण आहे म्हणून दादरचा बाजार थांबत नाही.

गंमत अशी (आणि हा शब्द मी फार जड मनाने वापरतो आहे) की त्या रात्री वसईत कोणालाही ग्रहण दिसले नव्हते. आत्या सांगे, धो धो पाऊस कोसळत होता, इरल्याखाली बसून तिने पाने कापली. ज्या चंद्राचे तोंडही कोणी पाहिले नाही त्याने तिच्या बाळाचा ओठ कापला, असे मात्र साऱ्या वाडीने मान्य केले. पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाली, ओठ सांधला गेला. मुलगा कर्तबगार निघाला. मिसरूड फुटल्यापासून त्याने मिशी ठेवली आहे, ती आजतागायत. आत्याने मात्र त्यानंतर चोपन्न वर्षे एकही ग्रहण उघड्यावर काढले नाही. दार लावून, माळ हातात घेऊन ती आत बसे.

माझा अपराध येथून सुरू होतो. १९८३ पासून पस्तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. दर वर्षी वर्गाच्या खिडक्यांना कांबळी लावून मी ग्रहण करून दाखवीत असे. टेबलावर दिवा म्हणजे सूर्य, हातातला नारळ म्हणजे पृथ्वी आणि दोऱ्याला टांगलेला पेरू म्हणजे चंद्र. मुले नेहमी तोच प्रश्न विचारीत, की सर, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? त्यावर मी पेरू किंचित वर नेऊन नारळाच्या सावलीवरून सरकवीत असे. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही वाटा छेदतात त्या जागेजवळ पौर्णिमा घडली तरच तो सावलीत शिरतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच हे छायेचे गणित मांडले होते, हेही मी सांगत असे. आणि संध्याकाळी सायकलवरून घरी येताना आत्याच्या दारावरून पुढे निघून जात असे.

एकच ग्रहण मी त्या काळात तिच्या अंगणात पाहिले, १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे. मुंबईत दंगली पेटलेल्या होत्या, गाड्यांचा भरवसा नव्हता, आदल्या रात्री मी तिच्याकडेच अडकलो होतो. पाचच्या सुमारास ओटीवर आलो तर चंद्र जवळजवळ नाहीसा झालेला. तांबूस नव्हे, राखेच्या रंगाचा, शोधावा लागेल इतका काळवंडलेला. कारण ठाऊक होते. दीड वर्षापूर्वी, १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याची धूळ व वायू अजून वरच्या वातावरणात तरंगत होते. सूर्याचा जो प्रकाश पृथ्वीच्या कडेने वळून चंद्रापर्यंत जातो, तोच त्या धुळीने अडवला होता. आतून आत्याच्या प्रार्थनेचा आवाज येत होता. दार ठोठावून तिला हे सांगावे असे मला वाटले, पण तशा त्या दिवसांत, तशा त्या चंद्राकडे पाहून, माझेही मन थोडे कचरले. हे मी आज प्रथमच कबूल करतो.

आता गेल्या वर्षीची, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. रविवार होता. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या नोव्हेनाचा शेवटचा दिवस. दुपारी रोममध्ये कार्लो अकुटिस आणि पिएर जॉर्जियो फ्रासाती यांना संतपद जाहीर झाले, तो सोहळा आत्याच्या घरी सर्वांनी टीव्हीवर पाहिला. रात्री ग्रहण होते आणि आत्याच्या नातसुनेला पाचवा महिना लागलेला होता. नऊ वाजता तिला आतल्या खोलीत बसवण्यात आले. तिचा नवरा चिडला, सासू रडकुंडीला आली आणि मला निरोप गेला की काका, तुम्हीच या.

मी गेलो. वाटेत मनाशी हिशेब केला. खरे म्हणजे तो कित्येक वर्षांपूर्वीच करायला हवा होता. बाळाचा ओठ आईच्या पोटात जुळतो तो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. त्याला आनुवंशिकतेसह अनेक कारणे असू शकतात, पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. आत्याचे बाळ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जन्मले. म्हणजे त्याचा ओठ घडला त्या वर्षीच्या ईस्टरनंतरच्या काही आठवड्यांत. ऑगस्टचे ग्रहण आले तेव्हा तिला विसावा आठवडा चालू होता. जे व्हायचे ते होऊन तीन महिने उलटले होते.

ओटीवर बसून मी तिला हे महिने बोटांवर मोजून दाखवले. आत्याने स्वतःच्या बोटांवर पुन्हा मोजले. मग आमच्या बोलीत ती इतकेच म्हणाली, "आणि हे तू मला आज सांगतोस?"

मी उत्तर दिले नाही. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो असे म्हणता आले असते. परंतु त्यानंतर कितीतरी वर्षे मी अकरा वर्षांचा नव्हतो.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि आतल्या खोलीचे दार तिने स्वतःच उघडले.

दहाला तीन मिनिटे कमी असताना चंद्राच्या डाव्या कडेला काजळाचे बोट लागले. पावसाळी ढग येत-जात होते, प्रत्येक ढगाबरोबर आम्ही कासावीस होत होतो. सावलीची कड गोलच होती. पृथ्वी गोल आहे हे अ‍ॅरिस्टॉटलने याच कडेवरून ओळखले होते. चंद्राच्या अंतरावर ती सावली सुमारे नऊ हजार किलोमीटर रुंद असते, चंद्र मात्र जेमतेम साडेतीन हजारांचा, म्हणून तो तीत सहज बुडतो. अकराला तो पुरता बुडाला आणि विझलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला. वरची बाजू अधिक काळोखी, खालची उजळ, कारण तो सावलीच्या मध्याच्या थोडा दक्षिणेकडून चालला होता. इतका वेळ झाकोळलेल्या चांदण्या बाहेर आल्या. जवळच शनी होता.

आत्याने विचारले, "लाल का?" मी म्हटले, या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आहे आणि जिथे जिथे मावळतो आहे, त्या सगळ्यांचा उजेड एकदमच त्याच्यावर पडला आहे. निळा प्रकाश आपल्या हवेतच विखुरतो, तांबडा तेवढा पार होतो. ती म्हणाली, योएल संदेष्ट्याने रक्ताच्या चंद्राविषयी सांगितले आहे, पेत्रानेही पेंटेकॉस्टच्या दिवशी सांगितले. मी म्हटले, सांगितले आहेच, आणि प्रभूच्या मरणाची तारीख ३ एप्रिल ३३ असावी असे मानणारे अभ्यासकही आहेत, कारण त्या संध्याकाळी येरुशलेमवर चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला होता. हे तिला फार आवडले. चंद्रावरच्या काळ्या डागांना 'शांतीचा सागर' यासारखी नावे १६५१ मध्ये रिच्चोली नावाच्या एका येशूसंघीय धर्मगुरूने दिली, हे त्याहून आवडले. "फादर लोकही पाहत होते तर," ती पुटपुटली.

नातसुनेला भूक लागली होती. तिने सुरी घेतली आणि पेरू कापला. आत्याने तोंड फिरवले, मात्र ती काही बोलली नाही. हातातली माळ तिने सोडली नव्हती, आणि सोडावी असे मीही म्हटले नाही. बारा वाजून बावीस मिनिटांनी चंद्राच्या कडेला उजेडाची पहिली किनार फुटली, तेव्हा रस्त्यापलीकडून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी ऐकू येईल असे मला उगीचच वाटले. लहानपणी येई. आता कोणी येत नाही.

जानेवारीत मुलगी झाली. तिच्या नाकाओठांविषयी मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही. ती कशी आहे याचा त्या रात्रीशी काही संबंध नाही, हे सांगण्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.

त्या रात्री मी निघालो तेव्हा आत्याने विचारले होते, पुढचे असे मोठे ग्रहण केव्हा? मी सांगितले, रात्री उशिरापर्यंत जागून आपल्या अंगणातून आरंभापासून शेवटपर्यंत पाहता येईल असे ३१ डिसेंबर २०२८ चे. रात्री दहाच्या सुमारास चंद्र पूर्ण बुडालेला असेल. वर्षअखेरची मिस्सा त्याच वेळेच्या आगेमागे. आत्याने पुन्हा बोटे मोजली.

"तोवर मूल तीन वर्षांचे होईल," ती म्हणाली. "बाहेर आणायचे तर आणा. पण डोक्याला टोपी घाला, थंडी असते."