सुटले म्हणजे काय, ते लिहून ठेवते

आजची नोंद पिकाची थोडी आणि माझी जास्त आहे.

तूर फुलोऱ्यात आलीय. कामगंध सापळे लावलेत, पतंग अजून कमी आहेत. ज्वारीची खुरपणी चालू आहे.

परवा माझी पाच वर्षांची तपासणी झाली. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, सगळं चांगलं आहे, आता वर्षातून एकदा या." गावात जो भेटला तो म्हणाला, "सुटलीस बाई." सुटले खरी. पण सुटल्यावर कसं जगावं लागतं ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि परत डाग दिसायला लागले. उष्णता असेल म्हणून मी चार महिने सब्जा पीत बसले. मग ऑपरेशन झालं, पिशवी आणि पोटातल्या गाठी काढल्या. त्यानंतर २५ शेक आणि सलाइनमधून औषध.

हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्या अंगात ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणून कोणाच्या चालीवर बोट ठेवू नका. माझ्यावर ठेवलं होतं.

आता शरीराचं सांगते. शेकामुळे लघवी आली की दम धरवत नाही, पोट कधी बिघडेल त्याचा नेम नाही. लग्नं, एसटीचा प्रवास सगळं बंद केलं. रानात जाताना पाणीच पीत नव्हते, त्यानं लघवीला जळजळ सुरू झाली. गाठी काढल्यामुळे डावा पाय सुजतो. एकदा ज्वारीचं धसकट लागलं, पाय लालभडक झाला, ताप आला आणि पाच दिवस दवाखान्यात काढले. उकिडवं बसवत नाही, म्हणून बाया मला सावडीत घेईनात. सगळ्यात जास्त ते लागलं.

दुसरी गोष्ट लिहायला हात अडतो, पण लिहिते. आजारानंतर हे बाहेर ओट्यावर झोपायला लागले. दोन वर्षं एक शब्द नाही. मला वाटलं, मी नकोशी झाले. शेवटी तपासणीला ह्यांना आत घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून सांगितलं, एका ताटात जेवल्यानं, जवळ बसल्या-झोपल्यानं कॅन्सर लागत नाही. शेकानं जागा कोरडी आणि अरुंद होते, त्याला जेल असतं, नळी वापरून व्यायाम असतो, लाजू नका. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तुला त्रास होईल म्हणून लांब राहत होतो गं." तेच दोन वर्षं आधी बोलले असते तर? सगळं पहिल्यासारखं झालं नाही. पण खाट घरात आली.

मागच्या वर्षी सोयाबीनच्या पैशात पोरगा रोटाव्हेटर घेणार होता. मी म्हटलं, आधी विहिरीजवळ संडास बांध. दोन दिवस धुसफुस झाली, पण बांधला. आता तांब्याभर पाणी पिऊन रानात जाते. पायात गमबूट आणि दवाखान्यातून दिलेला घट्ट मोजा. खुरप्याऐवजी उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं घेतलंय. थकवा आला की बांधावर बसून सापळ्यातले पतंग मोजते आणि वहीत लिहिते. हे पान त्याच वहीतून सुरू झालं.

सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की आपण म्हणतो, व्हायरसवर फवारा नाही, पांढरी माशी आधीच रोखा. इथंही तसंच आहे. ९ ते १४ वयाच्या मुलींना लस देता येते. आजार झाल्यावर ती बरा करत नाही. तिशी ओलांडलेल्या बायांनी तपासणी करावी. आपल्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून लाखाहून जास्त बायांचा मोठा अभ्यास झाला, २००९ साली तो छापून आला. ज्यांची एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. एकदाच, मंडळी.

नात दहा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला लस दिली. हे स्वतः घेऊन गेले.

कोणाच्या घरी अशी बाई सुटून आली असेल तर "सुटलीस" म्हणून उठू नका. रानात तिला संडासला कुठं जावं लागतं, तेवढं विचारा.

उद्या तुरीची नोंद टाकते. राम राम.