जडसंग्रह

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड नोंदवही असते, जडसंग्रह नोंदवही. बाक, फळे, कपाटं, पंखे, पृथ्वीचा गोल, म्हणजे खडूसारख्या न संपणाऱ्या सगळ्या वस्तू तिच्यात नोंदवलेल्या असतात. शेवटचा रकाना शेऱ्याचा. वस्तू बिघडली की तिथे 'नादुरुस्त' असं लिहिलं जातं आणि काही वर्षांनी ठराव होऊन तिचं निर्लेखन होतं. नादुरुस्त ते निर्लेखन हा रस्ता मळलेला आहे. उलट दिशेने, नादुरुस्तवरून पुन्हा चालूकडे येणारी वस्तू मी तरी त्या वहीत क्वचितच पाहिली होती.

सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. आमच्या शाळेचे १० संगणक याच रस्त्याला लागले होते. ते सरकारी योजनेतून आले. ठेक्याची मुदत होती तोवर एक संगणक शिक्षक येत असे. मुदत संपली, तो येईनासा झाला, खोलीला कुलूप लागलं. पुढे एकेक यंत्र बंद पडत गेलं. नववीच्या मुली आयसीटीचा धडा पुस्तकातल्या चित्रावर शिकत होत्या. चित्रातला माऊस उंदरासारखा का दिसत नाही, असं एकीने विचारलं तेव्हा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. भिंतीपलीकडे दहा माऊस कुलपात होते.

दुरुस्तीला माणूस बोलवायचा तर पैसा हवा, पैशाला मंजुरी हवी आणि मंजुरीला वस्तू दुरुस्त होण्याजोगी आहे असा दाखला हवा. म्हणून मी स्वतःच शिकायचं ठरवलं. यासाठी कॉम्पटिया ए प्लस नावाची एक जगभर मानली जाणारी परीक्षा आहे. १९९३ सालापासून ती चालू आहे. तिचे दोन पेपर. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुण ९०० पर्यंतच्या मोजपट्टीवर. पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० मिळाले की पास. ती उर्दूत नाही, मराठीतही नाही. मी मराठीत लिहिते, उर्दूत शिकवते, इंग्रजीत पेपर देते आणि ज्याच्याकडे काम शिकले त्याची बोलणी दखनीत खाते.

हा बोलणी देणारा माणूस म्हणजे माझे दूरच्या नात्यातले मामू. विजापूर वेशीजवळ त्यांचं दुकान आहे. चार जण उभे राहिले की पाचव्याने बाहेर थांबायचं, एवढी जागा. मामू सातवीपर्यंत शिकले. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक आणि आता मोबाईल, असा त्यांच्या हाताचा प्रवास. मी स्टुलावर बसून पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं तेव्हा ते म्हणाले, "बेटी, पैले देख, सुन, सूंग. हात बाद में."

पाहा, ऐका, वास घ्या, मग हात लावा. परीक्षेच्या पुस्तकात हीच गोष्ट पायऱ्यापायऱ्यांनी सांगितली आहे. आधी तक्रार नीट समजून घ्या, वापरणाऱ्याला विचारा की शेवटी काय बदललं. मग संभाव्य कारण मांडा, आणि सर्वांत उघड गोष्टीवर आधी शंका घ्या: प्लग लावला आहे का, बटण चालू आहे का. कारण तपासून पाहा. खरं ठरलं तर उपाय आखा आणि करा. यंत्र पूर्ण चालतं का ते बघा. शेवटी काय आढळलं, काय केलं, ते लिहून ठेवा. हे वाचताना मला बी.एड.चे दिवस आठवले. निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन यांवर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. मूल चुकतं तेव्हा कुठल्या पायरीवर चुकतं ते शोधा, तेवढीच पायरी दुरुस्त करा. लिहिलं सगळ्यांनी. प्रत्यक्षात साठ मुलांच्या वर्गात आपण निदान करत नाही, शेरा मारतो.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी एकेक संगणक रिक्षात घालून मामूंकडे नेला. दहापैकी दोघांना काहीच झालेलं नव्हतं. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते, सीआर २०३२. वीज नसतानाही घड्याळ आणि सुरुवातीच्या नोंदी ती जपते. ती संपली की यंत्र सुरू होताना अडतं, तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मागच्या तारखेमुळे संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रं चुकीची ठरून इंटरनेटही उघडत नाही. वहीत ही दोन्ही यंत्रं 'नादुरुस्त' होती. औषध होतं चहा-भज्यांच्या पैशाचं.

तिघांची रॅम खाचेत नीट टेकत नव्हती. सोलापुरात यंत्रमागांचं तूस हवेत तरंगत असतं. ते पंख्यात, प्रोसेसरच्या पंखपट्ट्यांत, खाचांत, सगळीकडे जाऊन बसतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की अशा यंत्राचा प्रोसेसर तापतो आणि यंत्र आपणहून बंद पडतं. मामूंनी ब्लोअरने ते काढलं तेव्हा राखाडी कापसाचा अख्खा बोळा हातात आला. रॅमचे सोनेरी दात त्यांनी शाळेच्या खोडरबराने घासले. पुस्तक म्हणतं, खोडरबराने मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. हे सांगितल्यावर मामू म्हणाले, "किताब सच्ची है. पन वो बाटली ला के दे, फिर मैं भी सच्चा." मी बाटली आणून दिली. तेव्हापासून ते तीच वापरतात.

दोघांचा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, गेला होता. मल्टिमीटर लावून पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट येतात का ते बघायचं. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. इथे मात्र पुस्तक आणि मामू यांच्यात खरा मतभेद आहे. पुस्तक सांगतं, एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. म्हणून अख्खा भाग बदला. मामू तो उघडतात, फुगलेला कपॅसिटर काढून काही रुपयांचा नवा झाळून देतात. ज्या देशात कारागिराचा तास महाग आणि सुटा भाग स्वस्त, तिथे पुस्तक लिहिलं गेलं. जिथे तास स्वस्त आणि भाग महाग, तिथे मामू घडले. मी एसएमपीएस उघडत नाही. मुलींनाही उघडू देत नाही. पण त्या झाळण्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

राहिले तीन. एकाची हार्ड डिस्क टकटक करत होती, ती बदलली. दोघांचे मदरबोर्ड गेले होते. त्यांचे चालणारे अवयव इतरांच्या कामी आले. दहापैकी आठ चालू झाले.

अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग आजारी आहे ते त्यांना कानाने कळत असे. संगणकही बीपच्या आवाजाने दुखणं सांगतो हे मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. अम्मी मात्र नाराज. "बी.एड. करके पेचकस पकडी?" या एका वाक्यात आमच्या घराची दोन पिढ्यांची धडपड आहे. पोरांच्या हाताला ऑइल लागू नये म्हणून अब्बांनी ओव्हरटाईम केला. आमच्या समाजात मिस्त्री आणि मास्तर एकाच घरात राहतात, पण मिस्त्री सलाम करतो आणि मास्तर तो घेतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणारे इतरांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे आपलं बरंचसं ज्ञान हातात आहे, कागदावर नाही. आणि जग कागद विचारतं.

मामूंकडे कागद नाही. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क दुरुस्तीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी पास लागते. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्यात पूर्वीपासून येत असलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय होती. मी त्याविषयी सांगितलं तर मामू म्हणाले, "इम्तिहान कौन लेगा? मेरे सामने बैठेगा तो चाय मैं पिलाऊंगा." ए प्लसचं प्रमाणपत्र तीन वर्षांसाठीच असतं, नंतर त्याचं नूतनीकरण करावं लागतं, हे ऐकून तर त्यांनी कपाळाला हात लावला. "तीन साल में हुनर कायकू उतरता?" मी सांगितलं, हुनर उतरत नाही, यंत्रं बदलतात. यावर ते थोडा वेळ गप्प बसले. रेडिओचे व्हॉल्व्ह बसवलेले हात होते ते.

मला ज्याचा विचार पडतो ती गोष्ट दुसरीच आहे. नववी-दहावीत शाळा सोडणारा मुलगा आमच्या तक्त्यात 'गळती' म्हणून दिसतो, पण तो कुठल्यातरी मामूच्या स्टुलावर बसून काहीतरी शिकत असतो. शाळा सोडणाऱ्या मुलीला स्टूल नाही. दुकानात बसायला तिला कोण पाठवणार? ती घरी विडीच्या सुपाशी बसते. मुलाची गळती आणि मुलीची गळती तक्त्यात एकाच रकान्यात येतात.

म्हणून आठ यंत्रं चालू झाल्यावर मी ती टाइपिंगपुरती ठेवली नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या अकरा मुली आणि मी कॅबिनेट उघडून बसतो. त्या जुन्या यंत्रांवर नव्या विंडोज चालत नाहीत आणि विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून लिनक्सची हलकी, फुकट मिळणारी आवृत्ती टाकली आहे. उर्दू कळफलक त्यात आहे. कातिबांच्या हाताची नस्तालीक लिपी १९८१ साली नूरी नस्तालीकच्या रूपाने छपाईयंत्रात उतरली, १९९४ मध्ये इनपेज आलं. आज आमच्या मुली तीच वळणदार लिपी फुकटच्या फॉन्टमध्ये उमटवतात. रॅमला आम्ही 'हाफिजा' म्हणतो, स्मरणशक्ती. बत्ती गेली की ही सगळं विसरते, असं मी शिकवलं, तेव्हा एकीने विचारलं, "आपा, मग हार्ड डिस्क हाफिज-ए-कुरआनसारखी?" मी म्हटलं, "हो. पण हाफिजसाहेबांनाही उजळणी लागते, हिलाही बॅकअप लागतो."

त्यांच्यातली एक गणितात सतत नापास होते. तिच्या प्रगतिपुस्तकावर मागच्या शिक्षकांचा शेरा आहे, 'लक्ष नाही'. बंद यंत्रापुढे ती आधी वाकून बघते, कान लावते, मग वायर तपासते. कुणी घाई केली तर हात धरते. ८, १६, ३२, ६४ हे आकडे तिला रॅमच्या पट्ट्यांवरून कळले, आणि दोनाचे घात आता तिला समजावावे लागत नाहीत. तिचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. घरी स्थळं बघणं सुरू झालं आहे. तिच्या अम्मीला मी दोनदा भेटले. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, ये काम घर बैठ के होता क्या? मी म्हटलं, होतं. दहावी होऊ द्या, आयटीआयचा फॉर्म मी भरते.

माझा पहिला पेपर झाला, पास झाले. दुसऱ्यात सुरक्षा आहे, सॉफ्टवेअरचे बिघाड आहेत आणि कामाच्या रीतीवरही भरपूर प्रश्न आहेत: वेळेवर जा, ग्राहकाचं बोलणं तोडू नका, त्याला दोष देऊ नका, न समजणाऱ्या शब्दांनी त्याला दडपू नका. तो भाग मी मामूंना वाचून दाखवला. ते म्हणाले, ये तो तुम्हारे मास्टर लोगों को पढाओ.

शेवटची पायरी, लिहून ठेवण्याची, मामूंनी कधी केली नव्हती. आता मुली करतात. एका दोनशे पानी वहीत प्रत्येक यंत्राचा क्रमांक, तक्रार, काय पाहिलं, काय केलं, तारीख आणि करणारीची सही. उजवीकडून डावीकडे उर्दू, मधे डावीकडून उजवीकडे सुट्या भागांचे इंग्रजी क्रमांक. मामू दुकानातले अवघड बिघाडही तोंडी सांगतात, त्याही नोंदी तिच्यात येतात, त्यांच्या नावासह. जडसंग्रह नोंदवहीत आठ संगणकांपुढचा 'नादुरुस्त' हा शेरा अजून तसाच आहे. तो बदलायला तपासणीचा दाखला लागतो. मुख्याध्यापकांनी परवा मुलींची वही मागवून घेतली आणि त्या दाखल्याच्या अर्जाला तिच्या छायाप्रती जोडल्या.